'आमची हरकत नाही' असं लिहिण्याआधी

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम डोंगरातल्या एका वाडीतून पत्र आलंय. वहीची चार पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली. थोडक्यात असं:

"बाई, आमच्या वाडीत जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. रोज अकरा मुलं येतात. माझी मुलगी तिसरीला आहे, मुलगा पुढच्या जूनला पहिलीत जाईल. मालक मुंबईला माथाडीत आहेत. शाळेला दोन शिक्षक होते, त्यातले सर गेल्या वर्षापासून खालच्या मोठ्या गावच्या शाळेत कामगिरीवर आहेत. मॅडम एकट्याच चारही वर्ग बघतात. गेल्या आठवड्यात साहेब आले होते. म्हणाले, पटावर नऊच मुलं दिसतात, शाळा खालच्या शाळेला जोडायची आहे, गाडी मिळेल, तुम्ही 'पालकांची हरकत नाही' असा ठराव द्या. मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे, पण आजवर मॅडम सांगतील तिथं सही केली. बैठकीच्या प्रोसिडिंग बुकात वरती जागा सोडून खाली माझ्या सहीसाठी पेन्सिलीनं फुली मारून ठेवली आहे. खालची शाळा पायवाटेनं तीन किलोमीटर, मध्ये ओढा लागतो. जाऊबाई म्हणतात, कशाला अडवताय, दाखला काढा आणि इंग्लिश मीडियमला घाला. सही नाही केली तर मॅडमना त्रास होईल का? कायदा आमच्यासारख्यांचं ऐकतो का?"

ताई,

सही करू नका. आधी एवढंच. साहेबांना तोंडावर नाही म्हणायची गरज नाही, भांडायची तर अजिबात नाही. "समितीची बैठक लावते, सगळ्या पालकांना विचारते आणि लेखी कळवते," असं सांगा. अध्यक्ष म्हणून हे म्हणणं तुमच्या अधिकारातलं आहे. आणि प्रोसिडिंग बुकात जी जागा कोरी सोडली आहे, तिच्यावर उद्या शाळेत जाऊन मॅडमसमोर तिरकी रेघ मारा, रेघेवर 'कोरी' असं लिहा आणि तारीख टाका. वरती काय लिहिलं जाणार हे माहीत नसताना खाली सही नको.

इतक्या ठामपणे सांगते, कारण अशी सही मी स्वतः घेतलेली आहे.

मी केंद्रप्रमुख होते, आसपासच्या शाळांवर देखरेख करायची, तेव्हाची गोष्ट. तालुका कुठला ते राहू द्या. एका वाडीत सात मुलांची शाळा होती आणि ती खालच्या गावात जोडायची होती. मी वाडीत गेले, पडवीत घोंगड्यावर बसले, कोरा चहा प्याले आणि पालकांना सांगितलं की गाडी दारात येईल. मला वरून तसंच सांगितलं होतं आणि माझा त्यावर विश्वास होता. समितीच्या अध्यक्ष एक आजी होत्या, नातवाच्या पालक म्हणून. म्हातारपणी साक्षरता वर्गात सही शिकलेल्या. जोडाक्षर जमायचं नाही म्हणून आडनाव अर्ध्यावर सोडायच्या. ती अर्ध्या आडनावाची सही मी घेतली आणि उतरणीला लागले.

जूनमध्ये जीप आली. दिवाळीपर्यंत चालली. मग बिल निघेना म्हणून चालकानं गाडी थांबवली. त्याला तरी काय म्हणणार, तीन महिने त्यानं पदरचं डिझेल घातलं होतं. दिवाळीनंतर सातातली चार मुलं चालत यायला लागली. तीन घरीच राहिली, तिन्ही मुली. मी एकीच्या घरी गेले तर तिची आई भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "बाई, ओढ्यापलीकडं एकटीला कशी धाडू? तुम्ही धाडली असती का?" मी ठरावाची नक्कल काढून वाचली. 'पालकांची हरकत नाही' हे त्यात होतं. गाडीचा एक शब्द नव्हता. तो मजकूर मीच सांगितला होता.

त्या वाडीतली शाळा पुन्हा उघडली नाही. म्हणून तुमच्या पत्राला उत्तर द्यायला मी आठ दिवस घेतले आणि कायदा, नियम पुन्हा काढून वाचले.

तुम्ही विचारलंय, कायदा आमच्यासारख्यांचं ऐकतो का. ऐकतो, पण त्यासाठी कुठला कागद कुणापेक्षा मोठा हे तुम्हाला कळलं पाहिजे. कारण साहेब येतात तेव्हा 'वरून आदेश आहे' एवढंच म्हणतात, आणि आपल्याला सगळेच कागद सारखे वाटतात. सगळ्यात वर राज्यघटना. तिच्यातलं कलम २१ क सांगतं की ६ ते १४ वयाच्या मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण हा मूलभूत हक्क आहे. त्याखाली २००९ चा शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. त्याखाली महाराष्ट्र सरकारचे २०११ चे नियम. त्याखाली शासन निर्णय, ज्याला आपण जीआर म्हणतो. आणि सगळ्यात खाली पत्र, परिपत्रक, तोंडी सूचना. खालच्या कागदाला वरच्याच्या विरुद्ध जाता येत नाही.

हे नुसतं पुस्तकातलं वाटू नये म्हणून गेल्या दोन-तीन वर्षांतलंच सांगते. ९ फेब्रुवारी २०२४ ला सरकारनं नियमांत बदल केला, की जवळ एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेनं गरिबांच्या मुलांसाठी २५ टक्के जागा राखायची गरज नाही. पालक मुंबई उच्च न्यायालयात गेले. मे महिन्यात स्थगिती मिळाली, १९ जुलै २०२४ ला तो बदलच रद्द झाला, कारण तो मूळ कायद्याच्या विरुद्ध होता. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तोच निकाल कायम ठेवला. दुसरं उदाहरण तर वाडीपर्यंत पोचलं असेल. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयानं पहिलीपासून हिंदी आणली, जूनमध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि लोकांचा विरोध पाहून २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले. अडीच महिने. एवढ्या काळात किती शिक्षकांनी वेळापत्रकं खोडून पुन्हा लिहिली असतील! सांगायचं हे की 'वरून आलंय' म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. वरून आलेलं बदलतं, पण कुणीतरी मुदतीत आणि लेखी बोलावं लागतं.

आता तुमच्या शाळेचं.

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्त कार्यालयातून एक पत्र निघालं. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करता येतील का, याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवणारं. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही दोन नमुन्याची ठिकाणं दाखवली होती. तेव्हा राज्यात अशा शाळा १४,७८३ होत्या, मुलं १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७. म्हणजे शाळेमागे साडेबारा मुलं. तुमची वाडी काही जगावेगळी नाही, ताई. महाराष्ट्राच्या सगळ्या डोंगरांत अशीच शाळा आहे, पत्र्याच्या पडवीची, दारात चिंच नाहीतर गुलमोहर असलेली.

तुमच्या वाटणीचा कायदा काय म्हणतो? सगळ्यात आधी शिक्षक. कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असं लिहिलंय. साठच्या खाली कितीही. नऊ असोत की एकोणसाठ, शिक्षक दोन. आणि तुमचे सर जे कामगिरीवर गेलेत, त्याबद्दल कलम २५ चं दुसरं पोटकलम वाचून घ्या. एका शाळेत नेमलेल्या शिक्षकाला दुसऱ्या शाळेत किंवा कार्यालयात काम करायला लावता येणार नाही, असं ते सांगतं. अपवाद कलम २७ चे: दहा वर्षांची जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुकीची कामं. खालच्या गावात शिक्षक कमी पडतात हा अपवाद नाही. तिथं कमी असतील तर तिथं नवे द्यावेत. तुमच्या शाळेचा शिक्षक वर्षभर दुसरीकडे शिकवतो, त्यामुळे इथं एकाच बाईवर चार वर्ग पडतात, त्यामुळे मुलं मागे राहतात, त्यामुळे चार घरं दाखला काढतात, त्यामुळे पट घसरतो, आणि मग पट नाही म्हणून शाळा जोडायची. हे चक्र कुठून सुरू झालं ते ठरावात लिहायलाच हवं.

दुसरं अंतर. राज्याच्या २०११ च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी चालत एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा, असं ठरलंय. इथं तुम्हाला खरं ते पूर्ण सांगते, अर्धवट सांगितलं तर साहेबांसमोर तुम्ही उघड्या पडाल. एक किलोमीटरच्या त्याच नियमात, शाळा सुरू करायची तर त्या वस्तीत त्या वयाची किमान २० मुलं असावीत, अशीही अट आहे. साहेब ती दाखवतील. त्यावर तुमचं उत्तर असं: ती अट नवी शाळा काढण्यासाठी आहे, आमची शाळा आधीच उभी आहे. आणि वीस मुलं नसली तरी कायदा हात झटकत नाही. लहान वस्तीतल्या मुलांना मोफत वाहन किंवा निवासाची सोय करून शाळेपर्यंत पोचवणं हे सरकारचं आणि जिल्हा परिषदेचं काम राहतंच. केंद्राच्या २०१० च्या नियमांत तर दरडी, पूर, रस्ता नसणं, लहान मुलांना वाटेत धोका असणं अशा ठिकाणी अंतराची मर्यादा कमी करावी असंही लिहिलंय. आपल्या डोंगराकडं बघूनच लिहिलंय असं वाटतं.

आणि ते तीन किलोमीटर कुणी मोजले? कार्यालयात नकाशावर बोट ठेवून मोजलं तर अंतर दीड भरतं. तुम्ही रविवारी दोन बायका आणि एक शाळकरी मूल मिळून चालत जा. मूल बरोबर हवंच, मोठ्यांच्या पावलांनी वेळ चुकतो. फोनवर अंतर लावा, निघाल्याची आणि पोचल्याची वेळ लिहा, ओढ्याचा फोटो काढा, साकव आहे की नाही, असेल तर कठडा आहे का, झाडी कुठं दाट होते, गवा कुठं दिसतो, सगळं टिपा. गेल्या पावसाळ्यात ओढा किती दिवस ओलांडता आला नाही हे वाडीतल्या दूधवाल्याला विचारा, त्याच्या वहीत खाडे सापडतील.

खिरखिंडीची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. आपल्याच जिल्ह्यात, जावळीत. कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत आणि पुढं जंगलातून चालत मुली शाळेला जायच्या. ही बातमी वाचून २०२२ च्या जानेवारीत उच्च न्यायालयानं कुणी अर्ज न करता स्वतःहून दखल घेतली. त्या मुलींचं कौतुक सगळ्यांनी केलं, मीही केलं. पण रात्री मनात आलं, की मुलीच्या हातात वल्हं आहे याचं कौतुक करताना आपण जेटी कुणी बांधायची ते विचारायचं विसरतो. तुमच्या लेकीवर कुणाकडून कौतुक करून घ्यायची वेळ येऊ नये.

तिसरं, पट. साहेब नऊ म्हणतात, रोज येतात अकरा. दोन मुलं कुठं गेली? बहुतेक आधारमध्ये. हल्ली संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, आधार जुळलेलीच मुलं धरतात, आणि नावात एक काना कमी-जास्त झाला, जन्मतारीख चुकली की मूल वर्गात बसलेलं असूनही कागदावर नसतं. पट ३० सप्टेंबरचा धरतात. म्हणून मॅडमकडून कुठल्या दोघांचं जुळत नाही ते विचारा आणि त्यांच्या आईबापांना घेऊन आधार केंद्रावर जा. एक दिवसाची मजुरी बुडेल, गाडीभाडं जाईल, वाडीनं ते वाटून घ्यावं. वर धनगरवाडा असेल तर तिथंही जाऊन या. तिथली एखाद-दुसरी पोरं शेरडांमागं असतात आणि त्यांची नावं कुठल्याच शाळेत नसतात. कायद्याच्या कलम ४ प्रमाणं अशा मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवता येतं, आणि कलम १४ प्रमाणं जन्मदाखला नाही म्हणून नाकारता येत नाही. खोटी नावं मात्र एकही घालू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. एक खोटं नाव सापडलं की अकरा खरी नावं संशयात जातात.

इथवर मी तुमची वकील झाले. आता आईशी बोलते.

शाळा वाडीत राहिली म्हणून ती आपोआप चांगली होत नाही. तिसरीच्या वर्गात तुमची लेक आणि आणखी एखादं मूल, एवढंच असेल. तिला खो-खोला गडी पुरत नाहीत, भांडायला मैत्रीण नाही, कुणाच्या पुढं-मागं नंबर लागल्याचा आनंद नाही. मी एकशिक्षकी शाळा खूप पाहिल्या. चांगली बाई असेल तर चौथीचं पोर पहिलीच्याला वाचायला शिकवतं आणि दोघंही शिकतात. पण बाई एकटी आहे, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, केंद्रातल्या बैठका, आणि ती ज्या दिवशी आजारी त्या दिवशी शाळेला कुलूप. समूह शाळेत ग्रंथालय असेल, मैदान असेल, प्रत्येक वर्गाला शिक्षक असेल तर ते वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पानशेतसारखं खरंच सगळं दिलं आणि गाडी रोज आली, तर मोठ्या मुलांचा त्यात फायदाच आहे.

माझं मत विचाराल तर चौथीपर्यंत शाळा वाडीतच हवी, दोन शिक्षकांसह. सहा-सात वर्षांच्या पोराला आई दिसेल एवढ्या अंतरावर शाळा असली पाहिजे. पाचवीपासून मात्र खाली पाठवायची तयारी ठेवा आणि त्या गाडीसाठी आत्ताच भांडा. मुली गळतात त्या तिथं, चौथी संपल्यावर. तुमची लेक दोन वर्षांत त्या वळणावर येणार आहे, वाडीतली शाळा वाचली तरी येणार आहे. एवढी गाडीची बात साहेबांनी स्वतः काढलीच आहे तर ती पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी मागून घ्या. आज ती मुलं चालतच जात असतील ना? त्यांच्याबद्दल पत्रात एक ओळही नाही, म्हणून विचारते.

खालच्या शाळेचीही चौकशी करा. १५ मार्च २०२४ च्या संच मान्यतेच्या निर्णयानं सहावी ते आठवीच्या कमी पटाच्या वर्गांचे शिक्षकच धोक्यात आणले आहेत. जिथं तुमची मुलं जोडायची ती शाळा उद्या स्वतःच कुठं जोडली जाणार नाही ना, हे विचारणं काही आगाऊपणाचं नाही.

जाऊबाईंच्या बोलण्याचा राग मानू नका. त्यांना पोरांचं भलंच हवंय. पण दाखला काढण्याआधी दोन गोष्टी बघा. २५ टक्क्यांचा मोफत प्रवेश फक्त सुरुवातीच्या वर्गाला मिळतो. म्हणजे तुमच्या तिसरीतल्या मुलीला तो मिळणार नाही. पहिलीला जाणाऱ्या मुलाला अर्ज भरता येईल. वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर दुर्बल गटातून, आणि अनुसूचित जाती-जमाती, भटके विमुक्त, इतर मागास वगैरेंना उत्पन्नाची अट नाही. सोडत ऑनलाइन निघते आणि शाळा घरापासून किती लांब यावर प्राधान्य ठरतं. वाडीच्या जवळ अशी शाळा आहे का, ते तुम्हीच जाणता. नसेल तर फी भरावी लागेल, वर व्हॅनचे पैसे, आणि माथाडीच्या पगारात दोन पोरांची फी बसवताना पहिल्यांदा कुणाचं नाव कमी होतं ते आपण घरोघर पाहिलंय. शिवाय तुमच्या मुलीचा दाखला निघाला की नवाची आठ होतील.

मॅडमबद्दल तुम्ही काळजी केलीत, ते वाचून बरं वाटलं. त्या स्वतः या भानगडीत पुढं येणार नाहीत आणि त्यांनी येऊही नये. त्यांच्या डोक्यावर आणखी एक ओझं आहे, ते कदाचित त्यांनी तुम्हाला सांगितलं नसेल. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त राहिलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण होणं सक्तीचं झालंय, दोन वर्षांच्या आत. वीस-पंचवीस वर्षं शिकवलेली बाई मधल्या सुट्टीत पुस्तक घेऊन बसलेली दिसली तर तिला मुलांकडं लक्ष नाही असं कुणी म्हणू नये. समिती म्हणून तुम्ही जे काही द्याल ते पालकांच्या सहीनं द्या. मॅडम समितीच्या सदस्य सचिव आहेत, बैठकीचं इतिवृत्त त्या लिहितील, ते त्यांचं कर्तव्यच आहे. तेवढ्यासाठी त्यांना कुणी धारेवर धरू शकत नाही. मागणीपत्रावर मात्र त्यांची सही मागू नका.

आता बैठक. कलम २१ प्रमाणं समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका. तुमच्या वाडीत पुरुष मुंबईला, म्हणजे बैठक बायकांचीच होणार. संध्याकाळी लावा, भाकरीच्या आधी, शाळेच्या पडवीत. अजेंडा दोन दिवस आधी घरोघर द्या आणि मिळाल्याची सही घ्या. तुम्हाला हेही स्पष्ट सांगते, की शाळा बंद करायला समितीची परवानगी लागतेच असं कलम २१ मध्ये लिहिलेलं नाही. समितीचं काम शाळेवर लक्ष ठेवणं, विकास आराखडा करणं, अनुदान कसं खर्च होतं ते बघणं. तरीही साहेब डोंगर चढून सहीसाठी आले, ते का? 'पालकांची संमती आहे' असा कागद फायलीत असला की पुढं न्यायालयात, आयोगात, विधानसभेत कुणी विचारलं तर दाखवता येतो. तो कागद म्हणजे तुमच्या हातातली किल्ली आहे.

ठराव असा लिहिता येईल, शब्द तुम्ही तुमचे वापरा:

"दिनांक अमुक रोजी झालेल्या सभेत ठरले की, आमच्या शाळेत पहिली ते चौथीची अकरा मुले शिकत असून त्यांपैकी दोघांच्या आधार नोंदीची दुरुस्ती चालू आहे. शाळा इतरत्र जोडण्यास पालकांची संमती नाही. पर्यायी शाळा पायवाटेने इतके अंतर असून वाटेत साकव नसलेला ओढा आहे, मोजणी व फोटो सोबत जोडले आहेत. शाळेचे दुसरे शिक्षक अमुक महिन्यापासून कामगिरीवर आहेत. त्यांना कलम २५ (२) नुसार मूळ शाळेत परत पाठवावे. पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी वाहनाची सोय करावी. याबाबत काही लेखी आदेश असल्यास त्याची प्रत समितीस द्यावी."

सगळ्या पालकांच्या सह्या घ्या. ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा, शेजारी नाव. जाऊबाईंचं मत वेगळं असेल तर तेही लिहा, लपवू नका. मुंबईला असलेल्या बापांच्या सह्या फोनवर मागवण्यात वेळ घालवू नका, आईची सही पालकाचीच असते.

या ठरावाच्या तीन प्रती. एक गटशिक्षणाधिकाऱ्यांना पंचायत समितीत, एक जिल्हा परिषदेत प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांना, एक तुमच्याकडं. पोस्टानं नको, स्वतः जा. आवक खिडकीवर 'ठेवून जा' म्हणतील. ठेवून यायचं नाही. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक पडेपर्यंत तिथंच थांबायचं. दोघी-तिघी जा, बरोबर भाकरी बांधून न्या, कारण साहेब जेवायला गेलेत असं सांगून दोन तास सहज जातात. पुढची ग्रामसभा असेल तेव्हा हाच विषय तिथं लेखी द्या आणि ग्रामपंचायतीचाही ठराव मागा. तुमची वाडी गटग्रामपंचायतीत असेल तर मोठ्या गावाचे लोक गप्प बसतील, तरी इतिवृत्तात विषय आला पाहिजे.

महिनाभरात काही हललं नाही तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहितीचा अधिकार वापरा. दोनच गोष्टी विचारा: शाळा जोडण्याच्या प्रस्तावाची प्रत आणि सरांच्या कामगिरीच्या आदेशाची प्रत. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मला अनुभवानं वाटतं की दुसऱ्या प्रश्नावरच सर परत येतील, कारण अशा कामगिऱ्या बहुधा तोंडी असतात.

त्याच वेळी कलम ३२ खाली जिल्हा परिषदेकडं लेखी तक्रार करता येते. ती स्थानिक प्राधिकरण आहे. तुमचं म्हणणं ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा, असं कायद्यात आहे. नाही दिला किंवा पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडं अपील. वकील लागत नाही. साधी मराठी चालते.

आणि समजा एवढं सगळं करून शाळा गेलीच, तर? तर ठरावात काय लिहून घ्यायचं ते आत्ताच ठरवून ठेवा. गाडी कुठल्या तारखेपासून, किती आसनांची, कुणाच्या खर्चानं, ओढ्याला पाणी असताना कुठून येणार, चालक आजारी असेल तर दुसरा कोण, आणि गाडी सलग किती दिवस आली नाही तर वर्ग पुन्हा वाडीत भरणार. वाहतूक भत्ता खात्यात जमा करतो असं म्हटलं तर नको म्हणा. डोंगरात यायला जीपच तयार नसेल तर खात्यातल्या पैशानं पोर शाळेत कसं पोचणार? वाडीतली खोली, फळा, बाकं, पुस्तकांची पेटी यांची यादी करून समितीच्या ताब्यात ठेवा, खोली गोदामाला जाऊ देऊ नका. पट वाढला तर तिथंच वर्ग भरवायचा आहे.

तुमच्या घरी 'कशाला पुढं पुढं करतेस' असं म्हणणारं कुणी असेल. मालकांना फोनवर सगळं सांगा, ठरावाचा फोटो पाठवा. माथाडी बोर्डात नाव लागण्यासाठी, हक्काच्या मजुरीसाठी त्यांच्या आधीच्या माणसांनी मुंबईत काय काय केलं हे त्यांनी ऐकलेलं असणार. त्यांना हे समजायला वेळ लागणार नाही.

बैठक कधी लावताय ते कळवा. पंचायत समितीत कागद दिलात की आवक क्रमांक आणि तारीख मला लगेच लिहा, मी माझ्या वहीत टिपून ठेवते. आणि पाचवीतली मुलं सध्या कशी जातात, किती मुली आहेत, तेही पुढच्या पत्रात नक्की सांगा.